टपाखालचा पाऊस

मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या आतल्या अस्तरावर, मागच्या कोपऱ्यात, चहा सांडल्यासारखा एक डाग उमटतो. मालक ओल्या फडक्यानं पुसून बघतो. जात नाही. दोन दिवसांनी ऊन पडलं आणि गाडी तापली की आत बंद कपाटासारखा कोंदट वास येतो. दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं तर बोटाला विटकरी भुकटी लागते. बाहेर येऊन बघावं तर टप चकचकीत, रंगाला एक फोड नाही. म्हणून त्या वर्षी कुणी काही करत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी मोहरीएवढे फोड येतात, त्यापुढच्या वर्षी ते फुटतात, आणि मग गॅरेजमध्ये डेंटर तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवतो. टोक सरळ आत जातं.

गाडीच्या गंजाबद्दल बोलताना लोक चाकांवरच्या कमानी, दारांचे खालचे काठ आणि पाय ठेवायची जमीन एवढ्याच जागा धरतात. चिखल तिथे उडतो, पाणी तिथे साठतं, म्हणून गंजही तिथेच असणार, असा सरळ हिशेब असतो. टपावर पडलेलं पाणी तर ओघळून जातं. पण टप हा एकसंध पत्रा नसतो. वरचा मोठा पत्रा, त्याच्या आतून चौकटीसारखी फिरणारी पोकळ पट्टी आणि कडेची पन्हाळ असे तीन थर एकावर एक ठेवून विजेच्या टाक्यांनी जोडलेले असतात. दोन टाक्यांच्या मधे जी केसाएवढी फट राहते, तिथून सगळ्या भानगडीला सुरुवात होते.

टपाच्या गंजाची ही भानगड समजून घ्यायला पद्मिनीइतकी ओळखीची गाडी मराठी माणसाला दुसरी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती तयार होत असे. १९७४ पासून ती पद्मिनी या नावानं विकली जाऊ लागली, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअर आणि मुंबईत टॅक्सी म्हटली की काळं अंग आणि पिवळा टप. टॅक्सी म्हणून नोंदवलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची, चाळीच्या आवारात किंवा वाड्याच्या पडवीत उभी असलेली. त्यांतल्या बऱ्याच आता हौसेनं दुरुस्तीला निघतात, आणि इंजिनाचं काम होऊन गेल्यावर लक्ष टपाकडे जातं.

पद्मिनीच्या दारांच्या वरून पुढपासून मागपर्यंत एक बारीक पन्हाळ जाते. घराच्या वळचणीला पागोळ्या अंगावर पडू नयेत म्हणून पन्हाळ लावतात, तिचंच हे धाकटं भावंड. दार उघडताना टपावरचं पाणी मांडीवर पडू नये म्हणून ती असते. टॅक्सीच्या सामानाच्या कॅरिअरचे पायही याच पन्हाळीत स्क्रूनं आवळलेले असत. बॅगा, गाद्या, ट्रंका वर चढल्या की त्या पायांखाली पन्हाळ किंचित वाकते. रंग तडकतो, सांध्यात भरलेला मसाला सुटतो. पाण्याला एवढी वाट पुरते. वर गुलमोहोराची पानं, धूळ, वाळू पन्हाळीत साठते आणि पाऊस थांबल्यावरही दोन-दोन दिवस ओली राहते. समुद्राजवळ त्या धुळीत मीठ असतं.

मीठ आणि ओल एकत्र आल्यावर लोखंडाचं काय होतं, हे केंब्रिजचे धातुतज्ज्ञ युलिक इव्हान्स यांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं होतं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्या पाण्यात रंग बदलणारी दोन रसायनं मिसळायची. थोड्या वेळानं थेंबाच्या कडेला गुलाबी कडं दिसतं आणि मधोमध निळा ठिपका. निळ्या जागी लोखंड विरघळत असतं, गुलाबी जागी हवेतला ऑक्सिजन काम करत असतो. म्हणजे हवा जिथे भरपूर आहे तिथला धातू टिकतो, आणि जिथे हवा कमी पोचते तिथला खाल्ला जातो. अंगणात पडलेल्या पत्र्यापेक्षा दोन पत्र्यांच्या बेचक्यातला पत्रा आधी का कुजतो, याचं उत्तर त्या एका थेंबात आहे. फट पाणी आत ओढून घेते, पण हवा आत जाऊ देत नाही. बाहेरची कड शाबूत राहते आणि आतलं पोट रिकामं होत जातं.

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. कुठल्या प्रकारचा गंज आहे त्यावर अवलंबून, दुपटीपासून सहापटीपर्यंत. भिंतीत पिंपळाचं मूळ शिरावं तसा तो दोन थरांना एकमेकांपासून रेटतो. टाके तुटतात, फट रुंदावते, आणखी पाणी जातं.

पावसाची गरजही प्रत्येक वेळी नसते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उघड्यावर उभ्या गाडीचा टप आकाशाकडे उष्णता टाकून आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो. बाहेरून दव पडतं हे सगळ्यांना दिसतं. टपाच्या आतल्या बाजूलाही, अस्तराच्या मागे, तेच दव धरतं, आणि ते पुसायला कुणाचा हात पोचत नाही. काही गाड्यांत टपाचा आवाज दबावा म्हणून आतून नमद्यासारखा जाड थर चिकटवलेला असतो. तो ओल शोषून धरून बसतो. गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून चार महिने ठेवणं हे तर माणसाला ओल्या कपड्यांत बसवून ठेवण्यासारखं आहे. जपणूक म्हणून केलेलं हे काम अनेक चांगल्या गाड्यांचा टप घालवतं.

आतून कुजणं ही फक्त आपल्याकडच्या गाड्यांची कथा नाही. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लान्चिया बीटा या देखण्या इटालियन गाडीच्या इंजिनाला आधार देणाऱ्या भागांतला गंज उघडकीला आला, तेव्हा कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत घ्याव्या लागल्या. बाहेरून त्या गाड्या नव्यासारख्या दिसत होत्या. त्याच दशकाच्या आसपास युरोपातल्या कंपन्या जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू लागल्या. पोर्शनं ९११ साठी तो मार्ग १९७० च्या दशकाच्या मध्यावर धरला. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आपल्या जुन्या गाड्यांच्या साध्या पत्र्याला हे कवच नव्हतं. त्यांना आधार होता तो रंगाचा आणि मालकाच्या नजरेचा.

तेव्हा आधी नीट बघणं. अनुभवी डेंटर टपावर बोटाच्या पेरानं टिचक्या मारत जातो. निरोगी पत्रा ‘ठण्’ वाजतो. खाली पुट्टीचा थर असला की आवाज ‘भद्’ येतो. दुसरी युक्ती लोहचुंबकाची. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून तो पातळ फडक्यात गुंडाळायचा आणि टपावरून सरकवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, कुणीतरी पूर्वी भोक बुजवून रंग दिलेला आहे. मग पाणी. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं रबरी नळीनं पाणी सोडायचं. खालून वर जायचं: आधी काचेच्या रबराची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी पन्हाळ. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे पसरतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी आलं असेल, हे तर मुळीच धरून चालू नये. पुढच्या काचेच्या रबराखालून शिरलेलं पाणी पोकळ पट्टीतून वाहत मागच्या कोपऱ्यात उतरू शकतं.

हे घर गळण्यासारखंच आहे. कोकणात आगोटीला कौलं चाळतात, तेव्हा जाणता माणूस आतली ओल पाहून ठिपक्याच्या बरोबर वरचं कौल काढत नाही. उतारावर चार हात वर चढतो आणि फुटकं कौल तिथे शोधतो. गाडीचा टप मात्र वर्षानुवर्षं कुणी चाळत नाही.

खरं काम अस्तर उतरवण्यापासून सुरू होतं, आणि बहुतेक स्वस्त दुरुस्त्या तिथेच फसतात. अस्तर काढायचं म्हणजे काचा काढायच्या, त्यांची रबरं काढायची, दारांच्या कडेचं बीडिंग सोडवायचं, आतला दिवा उतरवायचा. हा खटाटोप टाळून बाहेरूनच फोड घासले, पुट्टी भरली आणि रंग मारला, की गाडी चार दिवसांत परत मिळते. तो रंग एक-दोन पावसाळे निघतो. पुट्टी स्वतःच ओल शोषते, त्यामुळे तिच्याखालचा गंज थांबायच्या ऐवजी आणखी झपाट्यानं पसरतो. मालकानं इथे घाई करू नये, एवढं कळकळीनं सांगावंसं वाटतं.

जुन्या गाड्यांचं अस्तर सहसा आडव्या पोलादी तारांवर ताणलेलं असतं. प्रत्येक तारेचा बाक वेगळा असतो, कारण टपाची कमान पुढे, मधे आणि मागे वेगवेगळी असते. म्हणून काढतानाच प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी: पुढून पहिली, दुसरी, डावं टोक कुठलं, उजवं कुठलं. ही पाच मिनिटं वाचवली तर बसवताना दोन दिवस जातात. अस्तर उतरलं की टपाची आतली बाजू पहिल्यांदाच उजेडात येते. कुठे नुसती लाली असते, कुठे देवीच्या व्रणांसारखे खड्डे, आणि पन्हाळीच्या कडेला, बाहेरून काहीच दिसत नव्हतं तिथे, बारीक चाळण. दुपारच्या उन्हात गाडीत बसून वर पाहिलं तर त्या चाळणीतून उजेडाचे ठिपके दिसतात.

या तीन अवस्थांवर उपाय तीन. लाली तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून निघते. खड्डे पडले पण भोक नाही, तिथे सुटा गंज काढून उरलेल्यावर गंजाचं रूप बदलणारं रसायन लावतात. यात बहुधा फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन असतं. टॅनिन म्हणजे हिरड्यातला तुरटपणा. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकून दौतीतली काळी शाई करत; हिराकस हा लोहाचाच क्षार. गंजावर टॅनिन पडल्यावर तो निळसर काळा होतो, ते याच शाईचं रसायन. पोथ्यांवर ती शाई शतकानुशतकं टिकली, कारण तयार झालेलं काळं संयुग सहजी विरघळत नाही. पण हे रसायन मेलेल्या पत्र्याला जिवंत करत नाही. भोक पडलं की ते लावणं व्यर्थ. आणि खोल सांध्यात आम्ल ओतून ठेवलं, धुता आलं नाही, तर तेच पुढे पत्रा खातं.

चाळण झालेल्या भागाला कापणं हाच इलाज. किती कापायचं? पत्रा पांढरा आणि जाड लागेपर्यंत, मग तो तुकडा अपेक्षेच्या दुप्पट निघाला तरी. कापाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर ठेवतात, म्हणजे पुढे कोपऱ्यातून चीर जात नाही. पन्हाळीची सगळी लांबी एका दमात उतरवू नये. टप सगळ्या खांबांना बांधून ठेवतो. तो आधार सुटला की गाडीचा सांगाडा बारीकसा हलतो आणि मग दारं बसत नाहीत. जाणते कारागीर दारं बंद ठेवून, आतून आधार देऊन, हातभर कापतात, तेवढंच जोडतात आणि मग पुढे सरकतात. जुने टाके ड्रिलनं सोडवायचे, खालचा थर शाबूत ठेवायचा.

नवा तुकडा सीआरसी म्हणजे थंड लाटलेल्या पत्र्याचा, मूळ जाडीचा. बाजारातला २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. पन्हाळीचा बाक हातोडीनं लाकडी ठोकळ्यावर घडवतात. पुन्हापुन्हा बसवून बघायचं, काढायचं, एक ठोका द्यायचा, परत बसवायचं.

मग येतं वेल्डिंग, आणि इथे टप आपला स्वभाव दाखवतो. गाडीवर एवढा मोठा आणि एवढा सपाट पत्रा दुसरा नसतो. गॅसच्या ज्योतीची आच चहूकडे पसरते, पत्रा तापून फुगतो, थंड होताना आखडतो, आणि शेवटी बोटानं दाबलं की टप डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर ‘डबक डबक’ करतो. म्हणून आता सीओटू वेल्डिंग वापरतात, तेही सलग रेघ न ओढता. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, तिसरा मधे. प्रत्येक टाका हाताला सोसवेल इतका निवला की पुढचा. एक हात लांबीच्या सांध्याला अख्खी दुपार जाते.

तरीही कुठे पत्रा फुगलाच, तर जुन्या डेंटरांची एक विद्या कामाला येते. फुगवट्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा लालबुंद तापवायची, आतून लोखंडी डॉली धरायची, वरून कडेकडून मध्याकडे हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि लगेच ओल्या फडक्यानं निववायचं. तापलेला पत्रा आजूबाजूच्या थंड पत्र्यानं अडवल्यामुळे जाडीत दाटतो, निवताना आखडतो आणि ओढला जातो. हे सगळं काही सेकंदांत. ठोका किती, आच किती, फडकं कधी, हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही. ही माणसं कमी होत चालली आहेत. पत्रा सरळ करण्यापेक्षा अख्खा भाग बदलण्याचे दिवस आले आहेत. पद्मिनीच्या टपाला मात्र नवा भाग दुकानात मिळत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार सोडवणं, सीट आणि अस्तर बाहेर काढणं, काचा झाकणं आणि पाण्याची बादली हाताशी ठेवणं हे नेम पाळलेच पाहिजेत. आतला जुना नमदा आणि डिंक ठिणगीनं पेटतो, तोही आधी धुमसत राहून. जुना रंग घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं.

जोडकाम झालं की क्रम महत्त्वाचा. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांत सीलंट, मग लागलीच तर पुट्टी, तीही पातळ. बरेच जण उघड्या पत्र्यावरच सीलंट भरतात, मग त्याच्याखाली गंज धरतो. न्हाणीघरात वापरतात ते आंबट वासाचं सिलिकॉन तर पत्र्याला लावूच नये. तो आंबट वास ॲसेटिक आम्लाचा, आणि ते लोखंडाला खातं. डांबरही नको. डांबर तडकतं आणि तडकलेल्या डांबराखाली पाणी डांबून राहतं. साध्या राखाडी प्रायमरवर गाडी पावसाळाभर उभी ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे, कारण त्या प्रायमरमधून ओल झिरपते. रंगासाठी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे कोरडे दिवस बरे. पावसाळी दमट हवेत रंगावर धुरकट साय येते. शेवटी पोकळ पट्टीत बारीक नळीनं मेणासारखं द्रव्य फवारतात. ते फटीफटींत उतरतं आणि हाताला कधीच न पोचणाऱ्या जागा झाकतं.

हौसेपलीकडे याला कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी एकेक करून या वयाला पोचत आहेत. पन्हाळ कापून टाकून कडा गुळगुळीत करणं सोपं असतं आणि काहींना दिसायलाही छान वाटतं, पण त्या गाडीचं मूळ रूप तिथे संपतं.

नव्या गाड्यांचे मालक हे वाचून निर्धास्त होतील, तर तसंही नाही. आता टपात सनरूफ असतं. त्याच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांना पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि त्या खांबांच्या आतून खाली उतरतात. धूळ आणि पानांनी एखादी नळी तुंबली की पाणी चौकटीतून ओसंडतं आणि अस्तरात मुरतं. पावसाळ्याआधी त्या नळ्यांत पेलाभर पाणी ओतून ते चाकांजवळ खाली पडतं का, एवढं पाहावं.

पद्मिनीचं काम रंगापर्यंत आलं, काचा नव्या रबरांत बसल्या, की अस्तर चढवायची घाई सुटते. गाडी पुरी झालेली दिसावी, घरच्यांना त्यातून फिरवून आणावं, असं वाटतंच. चांगला कारागीर तेव्हा थांबवतो. अस्तर गुंडाळून, तारा चिठ्ठ्यांसकट बांधून कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. गाडी गॅरेजच्या दारात काढतात, पोऱ्या रबरी नळी घेऊन उभा राहतो आणि मालक उघड्या टपाखाली मागच्या सीटच्या जागी उकिडवा बसतो. वर ताज्या प्रायमरचा करडा पत्रा, कडेला सीलंटची पांढरी रेघ. पाणी टपावर ताशासारखं वाजू लागतं, पन्हाळीतून धार मागे जाते आणि दिव्याजवळच्या खांबावरून खाली पडते. टॉर्चचा उजेड सांध्यावरून हळूहळू सरकतो, त्या जुन्या डागाच्या कोपऱ्यापाशी थांबतो. मालक तिथे बोट टेकवतो, बोटाकडे बघतो आणि बाहेर ओरडून सांगतो, अजून पाच मिनिटं सोड.